छोट्या तेरेजाचे रडवे बालपण



ऑक्टोबर महिना पवित्र जपमाळेचा. त्याच्या पहिल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली, चेहऱ्यावर शांत हसू असलेली तिची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. याच महिन्याच्या १० तारखेला जगभर मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. हे दोन दिवस इतके जवळ येणे हा योगायोग आहे. तरीही या वर्षी तेरेजाचे चरित्र लिहिताना मी तिच्या चमत्कारांबद्दल किंवा ‘छोट्या मार्गा’बद्दल फारसे लिहिणार नाही. मी तिच्या बालपणाबद्दल लिहिणार आहे. कारण तसबिरीतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यामागे दहा वर्षे रडलेली, घाबरलेली आणि मनाने आजारी पडलेली एक मुलगी आहे, हे आपल्याला फारसे कुणी सांगितलेले नाही.

ही माहिती तिच्या शत्रूंनी पसरवलेली नाही. १८९५ साली तेव्हाच्या मठाधिकारी असलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीने आज्ञा केली, म्हणून तेरेजाने आपल्या आठवणी वहीत लिहिल्या. त्यात तिने स्वतःच हे सारे नोंदवून ठेवले आहे. तिने काही लपवले नाही, तेव्हा आपणही लपवण्याचे कारण नाही.

आई गेली आणि मूल गप्प झाले

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी होते. आई झेली नाजूक जाळीची लेस तयार करून घेण्याचा व्यवसाय करीत. आलाँसोंची लेस तेव्हा युरोपभर प्रसिद्ध होती आणि झेली यांच्या हाताखाली गावातल्या कितीतरी बायका काम करीत. या दांपत्याला नऊ मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच दगावली. पाच मुली जगल्या : मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेजा.

जन्मल्यावर दोन-अडीच महिन्यांतच तेरेजाची प्रकृती इतकी खालावली की ती जगते की नाही अशी शंका वाटू लागली. आईला तिला अंगावर पाजता येईना. म्हणून तिला जवळच्या सेमाले गावातील एका शेतकरी बाईकडे दूध पाजण्यासाठी ठेवण्यात आले. तिथे ती सुधारली, गुटगुटीत झाली आणि एप्रिल १८७४ मध्ये घरी परत आली. म्हणजे पहिल्या सव्वा वर्षातच त्या जिवाने आधी आईचा आणि मग जिला आई समजत होती तिचा असे दोन वियोग सोसले होते.

त्यानंतरची तीन वर्षे सुखाची गेली. तेरेजा हसरी, हट्टी, बडबडी होती. पण झेली यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. २८ ऑगस्ट १८७७ रोजी त्या वारल्या. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

त्या दिवसांबद्दल तिने मोठेपणी जे लिहिले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे असे आहे. घरात धावपळ चालू होती, मोठी माणसे आपापल्या दुःखात होती आणि या लहानगीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. त्यामुळे तिच्यापासून एरवी लपवले असते असे पुष्कळ काही तिने पाहिले. ओसरीत उभे करून ठेवलेले शवपेटीचे झाकण ती एकटीच बराच वेळ बघत उभी होती. ती फार रडली नाही. मनात काय चालले आहे ते ती कुणाशीच बोलली नाही. फक्त बघत राहिली आणि ऐकत राहिली.

आपल्याकडे घरात मयत झाली की पाहुण्यांची गर्दी होते, दफनविधीची तयारी असते, महिन्याच्या मिस्सेची बोलणी होतात. मूल रडत नसेल तर आपण म्हणतो, लहान आहे, त्याला काय कळते! तेरेजाला सगळे कळले होते. तिचा स्वभावच त्या दिवसापासून बदलला. ती बुजरी झाली. अनोळखी माणूस दिसले की लपू लागली. कुणी नुसते बघितले तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई. हा बदल पुढे नऊ वर्षे टिकला.

दुर्लक्षित लेओनी

याच घरात आणखी एक मूल त्रासात होते. तिसरी मुलगी लेओनी. ती लहानपणापासून आजारी, अंगावर खरूज-इसबासारखा त्रास, अभ्यासात मागे, वागण्यात हट्टी. ज्या मठाच्या शाळेत तिची सख्खी मावशी धर्मभगिनी होती, तिथूनही तिला परत पाठवण्यात आले. ही मुलगी ऐकत का नाही, हे आईला कळेना. झेली यांचे स्वतःचे बालपण कडक शिस्तीत आणि मायेच्या कोरडेपणात गेले होते. म्हणून आपल्या मुलींना त्या जपत. तरीही लेओनी त्यांच्या हाती लागत नव्हती.

१८७७ च्या वसंतात, म्हणजे झेली यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, थोरल्या मारीच्या लक्षात खरी गोष्ट आली. घरातली मोलकरीण लेओनीला गुपचूप धाक दाखवून आपल्या मुठीत ठेवीत होती. ती मुलगी आईचे ऐकत नव्हती, कारण तिला त्या बाईची भीती वाटत होती. मोलकरीण मालकिणीशी एकनिष्ठ होती, कामाला चांगली होती. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. झेली यांना हा मोठा धक्का होता. त्यांनी लेओनीला ताबडतोब आपल्या जवळ घेतले, मोलकरणीचा तिच्यावरचा अधिकार काढून घेतला, आणि थोड्याच दिवसांत ती मुलगी आईला सोडीनाशी झाली. उरलेले चार-पाच महिने झेली यांना जगावेसे वाटत होते ते मुख्यतः या मुलीसाठी.

लक्षात घ्या, हे घर देवभीरू होते. आईबाप रोज पहाटे मिस्सेला जात. पुढे १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकत्र संतपद दिले. संत असलेल्या आईबापांच्या घरातही एका मुलाचा छळ वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात न येता चालू शकतो. मग आपल्या घरात तसे होणारच नाही, असे कुणीही छातीठोकपणे म्हणू नये. आणि ‘वाईट’ वाटणारे मूल बऱ्याच वेळा घाबरलेले मूल असते, हेही आपण यातून शिकावे.

शाळेतील पाच वर्षे

आई गेल्यावर लुई मार्टिन मुलींना घेऊन लिझ्यू या शहरी मामाच्या जवळ राहायला आले. तेरेजाने दुसऱ्या क्रमांकाच्या पोलीनला आपली आई मानले. पोलीन तिला शिकवी, तिची प्रार्थना घेई, तिला झोपवी. घरात तेरेजा सुरक्षित होती. ऑक्टोबर १८८१ मध्ये, साडेआठ वर्षांची असताना, ती बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या शाळेत जाऊ लागली. अभ्यासात हुशार असल्याने तिला तिच्यापेक्षा मोठ्या मुलींच्या वर्गात बसवले गेले. पहिला नंबर येई तो या लहान मुलीचा. वर्गातल्या तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीला ते सहन होईना. तिने तेरेजाला नाना प्रकारे छळले. तेरेजाला उलटून बोलता येत नव्हते. ती गुपचूप रडे. घरी रोज संध्याकाळी परत येत असूनही तिने हे पोलीनला सांगितले नाही. मधल्या सुट्टीत इतर मुली खेळत तेव्हा ही बाजूला उभी राही, किंवा झाडाखाली मरून पडलेली पाखरे पुरत बसे. शाळेतली ती पाच वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत दुःखाची होती, असे तिने नोंदवले आहे.

पहिला नंबर येणारे मूल आनंदात आहे असे आपण गृहीत धरतो. प्रगतिपुस्तकावर सही करताना गुण बघतो. मधल्या सुट्टीत ते कुणाबरोबर डबा खाते हे विचारत नाही.

१८८३ चा आजार

१८८२ च्या उन्हाळ्यात तेरेजाच्या कानावर एक संभाषण पडले. पोलीन मारीला सांगत होती की ती लवकरच कार्मेल मठात जाणार आहे. तेरेजाला कुणी समोर बसवून हे सांगितले नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीला तिची दुसरी आई जाणार हे असे दाराआडून कळले. २ ऑक्टोबर १८८२ रोजी पोलीन मठात गेली. त्यानंतर भेट होई ती मठाच्या जाळीतून, सगळ्या कुटुंबाबरोबर, आणि तेरेजाच्या वाट्याला शेवटची दोन-तीन मिनिटे येत. ती मिनिटे रडण्यातच संपत. वर्षाच्या अखेरीस तिचे डोके सतत दुखू लागले. तरी ती शाळेत जातच राहिली.

२५ मार्च १८८३ हा ईस्टरचा रविवार होता. वडील थोरल्या मुलींना घेऊन पॅरिसला गेले होते. तेरेजा आणि सेलीन मामाकडे होत्या. संध्याकाळी मामांनी सहज मायेने तिच्या आईच्या आठवणी काढल्या. तेरेजा रडू लागली आणि त्या रात्री तिला असा थरकाप सुटला की पांघरुणे घातली, ऊब दिली, तरी तो थांबेना. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आजार गंभीर असल्याचे सांगितले.

पुढचे सात आठवडे भयंकर होते. ६ एप्रिलला पोलीनचा वस्त्रग्रहण विधी होता, तेवढ्यापुरती ती उठली आणि बहिणीला भेटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणावर. तिला भास होत. भिंतीतले खिळे तिला काळ्या जळक्या बोटांसारखे दिसत. वडिलांच्या हातातली टोपी पाहून ती किंचाळली. ती असंबद्ध बोले, अंथरुणातून उडी घेऊ पाही, घरच्यांना ओळखत नसे. कधी मूर्च्छा आल्यासारखी निपचित पडे. पण पुढे तिने लिहिले आहे की त्या अवस्थेतही तिला आजूबाजूचे सगळे बोलणे ऐकू येत होते. आजारी मुलाच्या उशाशी बसून आपण काय बोलतो, याचा विचार आपण करावा.

कुटुंबाने काय केले? मारीने रात्रंदिवस शुश्रूषा केली. चौदा वर्षांची सेलीन रविवारी फिरायला न जाता तासन्‌तास त्या खोलीत तेरेजाजवळ बसे. लेओनी, तीच ‘अवघड’ लेओनी, तिच्याशी अतिशय मायेने वागे. डॉक्टर येतच राहिले. आणि वडिलांनी पॅरिसच्या विजयमातेच्या मंदिरात नऊ मिस्सांची नोव्हेना मागितली. या घराने डॉक्टर की देव असा प्रश्न केला नाही. दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावली.

१३ मे १८८३, पेंटेकॉस्टचा रविवार. तेरेजा अंथरुणातून हळू आवाजात आईला हाका मारीत होती. मारी आली तरी तिला ओळखू येईना. तेव्हा मारी, लेओनी आणि सेलीन खोलीतल्या पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून रडत प्रार्थना करू लागल्या. तेरेजानेही तिकडे पाहिले. तिला मरियामाता हसताना दिसली आणि तिची भीती गेली. ती बरी झाली. तो पुतळा आज ‘स्मितमाता’ म्हणून ओळखला जातो.

आई गमावलेल्या मुलीला आईच्या स्मितानेच बरे केले. आपण श्रद्धावंत म्हणून यात देवाचा हात पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण चरित्र इथे संपत नाही. ज्यांना वाटते की एका प्रार्थनेने सारे मिटले, त्यांनी पुढचेही वाचावे.

बरे झाल्यानंतरचा त्रास

तेरेजाला हे गुपित कुणाला सांगायचे नव्हते. मारीने आग्रहाने विचारून काढले. मग कार्मेल मठातल्या भगिनींना कळले. त्या कुतूहलाने प्रश्न विचारू लागल्या : मरियामाता कशी दिसत होती, हातात बाळ होते का, प्रकाश होता का? त्या भाबड्या प्रश्नांनी मुलगी गोंधळली. आपण खोटे तर बोललो नाही ना, असे तिला वाटू लागले. त्याहून वाईट म्हणजे आपण आजाराचे सोंग केले होते की काय, अशी शंका तिला खाऊ लागली. या दोन शंकांनी तिला चार-पाच वर्षे छळले. स्मिताबद्दलची शंका १८८७ मध्ये पॅरिसच्या त्याच विजयमातेच्या मंदिरात गेली. आजाराबद्दलची शंका १८८८ मध्ये एका समजूतदार धर्मगुरूने दूर केली.

सोंग करतेस, नाटक करतोस, हे शब्द आपल्या घरांत किती सहज बोलले जातात! पोटात दुखते म्हणून शाळेत न जाणाऱ्या मुलाला, छातीत धडधडते म्हणणाऱ्या मुलीला, आपण हेच म्हणतो. तेरेजाला तसे कुणी म्हटल्याची नोंद तिने केलेली नाही. तरी ती शंका तिने स्वतःच स्वतःवर घेतली आणि वर्षानुवर्षे वाहिली. ज्या मुलाला असे तोंडावर म्हटले जाते त्याचे काय होत असेल?

८ मे १८८४ रोजी तिने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. तो दिवस अपार आनंदाचा होता. पण मे १८८५ मध्ये शाळेतल्या एका रिट्रीटनंतर नवे दुखणे सुरू झाले. प्रत्येक साधा विचार, प्रत्येक साधी कृती तिला पाप वाटू लागली. रात्रंदिवस तोच घोळ. यालाच आपल्या जुन्या धर्मग्रंथांत अतिशंकेचा रोग म्हटले आहे. आज डॉक्टर अशा लक्षणांकडे मनाच्या आजाराचा एक प्रकार म्हणून पाहतात, आणि त्यावर उपचार आहेत. तेरेजाही त्याला आजारच म्हणते. तो दीड वर्ष चालला. १८८६ मध्ये डोकेदुखीमुळे वडिलांनी तिला शाळेतून काढले आणि खाजगी शिकवणी लावली.

त्या दीड वर्षात तिचा एकच आधार होता, मारी. तेरेजा आपले सगळे विक्षिप्त विचार तिला सांगे. प्रायश्चित्त संस्काराला जाण्याआधी मारी तिला सांगे की यातले एवढेच सांग, बाकीचे पाप नाही. तेरेजा तेवढेच सांगे. त्यामुळे तिच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला या आजाराचा पत्ताच लागला नाही. धर्मगुरू म्हणून ही ओळ मला दर वेळी थांबवते. कन्फेशनच्या रांगेत उभी राहिलेली मुले आम्हाला तीच चार ठराविक पापे सांगून जातात. त्यांच्या मनात काय जळते आहे ते त्या जाळीतून दिसत नाही. ते बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या मारीलाच दिसते, कधी मोठ्या बहिणीला, कधी आजीला, कधी धर्मशिक्षणाच्या टीचरला.

ऑक्टोबर १८८६ मध्ये मारीही मठात गेली. तिसरी आई गेली. तेव्हा तेरेजाने आपल्या लहानपणी वारलेल्या चार भावंडांना स्वर्गातून मदत करा अशी विनवणी केली, आणि शंका हळूहळू शांत झाल्या.

नाताळची रात्र

१८८६ च्या नाताळाची गोष्ट प्रसिद्ध आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सगळे घरी आले. शेकोटीजवळ ठेवलेल्या बुटांत धाकटीसाठी भेटवस्तू भरून ठेवण्याची त्या घराची रीत होती. दमलेल्या वडिलांच्या तोंडून निघाले की बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. जिन्यात असलेल्या तेरेजाने ते ऐकले. सेलीनला वाटले, आता ही ढसाढसा रडणार. पण तेरेजाने अश्रू गिळले, खाली आली आणि हसत हसत एकेक वस्तू बाहेर काढली. साडेचार वर्षांची असताना हरवलेले मनाचे बळ त्या रात्री परत मिळाले, आणि ते कायमचे, असे तिने लिहिले आहे. तिने याला देवाची कृपा म्हटले.

या प्रसंगावरून मुलांना सांगितले जाते की बघ, तेरेजाने एका रात्रीत रडणे सोडले, तूही सोड. हा अर्थ चुकीचा आहे. त्या रात्रीच्या मागे दहा वर्षे होती. ती रडली तेव्हा तिला कुणी घराबाहेर काढले नाही. वडिलांनी शाळा सुटली म्हणून तिला कमी लेखले नाही. बहिणी तिच्याजवळ बसल्या. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे की देवाची कृपा मानवी स्वभावाला बाजूला सारत नाही, ती त्याच्यावर उभी राहते आणि त्याला पूर्णत्व देते. नाताळच्या रात्री कृपा आली ती तयार केलेल्या जमिनीवर. ती जमीन घरच्यांनी मायेने भिजवून ठेवली होती. जमीन भिजवणे हे आपले काम आहे. पीक देवाचे.

वडिलांचे आजारपण

९ एप्रिल १८८८ रोजी, पंधरा वर्षांची असताना, तेरेजा कार्मेल मठात दाखल झाली. त्यानंतर वर्षाच्या आतच वडिलांच्या मेंदूच्या आजाराने उचल खाल्ली. त्यांना भ्रम होऊ लागले, ते घरातून निघून जाऊ लागले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. लिझ्यूमध्ये लोक बोलू लागले की मुलींनी एकामागून एक मठाची वाट धरली, विशेषतः धाकटीने, म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले. हे बोलणे तेरेजाच्या कानावर येत होते. मे १८९२ मध्ये वडील घरी आले आणि २९ जुलै १८९४ रोजी वारले.

तेरेजाला त्या तीन वर्षांची लाज वाटली नाही. त्या वर्षांना ती मौल्यवान म्हणते. मनोरुग्णालयात राहिलेला तो माणूस आज आपल्या वेदीवर संत म्हणून पुजला जातो. मग आपल्या घरातल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेताना आपण ओळखीचे कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून का पाहावे? पुढे मुलीचे लग्न जमणार नाही, मुलाला सेमिनरीत घेणार नाहीत, या भीतीने उपचार लांबवणारे पालक आहेत. लोक तेव्हाही बोलले. ते लोक विसरले गेले. लुई मार्टिन राहिले.

शेवटचे महिने

तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने वारली. वय अवघे चोवीस. शेवटच्या महिन्यांत शरीराच्या वेदना असह्य होत्या आणि मनात श्रद्धेचा अंधार होता. तेव्हा तिने शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना बजावले की असा त्रास असलेल्या रुग्णाच्या हाताशी घातक औषधे कधी ठेवू नका. श्रद्धा नसती तर आपणही जीव देण्यास मागेपुढे पाहिले नसते, असे तिने मोकळेपणाने सांगितले. धर्मपंडिता म्हणून १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जिला गौरवले, तिला हा विचार शिवून गेला होता. म्हणून तो विचार मनात येणाऱ्या मुलाला पापी, दुबळा, श्रद्धाहीन म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही स्पष्ट आहे की गंभीर मानसिक आजार, तीव्र यातना किंवा भय यांमुळे अशा कृत्याची जबाबदारी कमी होते, आणि ज्यांनी जीव दिला त्यांच्या तारणाची आशा आपण सोडू नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या धर्मग्रामात ज्या घरांनी हे दुःख पाहिले आहे, त्या घरांनी ही गोष्ट मनाशी धरावी, आणि इतरांनी त्यांच्या अंगणात कुजबुज घेऊन जाऊ नये.

आपण काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ वयोगटातील साधारण सातपैकी एक मूल कोणत्या ना कोणत्या मानसिक त्रासातून जाते. आपल्या प्रथम कम्युनियनच्या आणि दृढीकरणाच्या वर्गांतली मुले मोजा आणि हिशेब करा. तेरेजाच्या बालपणाने आपल्याला काही खुणा दाखवल्या आहेत. हसरे मूल अचानक गप्प होणे. वारंवार डोके किंवा पोट दुखणे आणि तपासणीत काही न सापडणे. शाळा टाळणे. एकच शंका पुन्हा पुन्हा विचारणे. झोप आणि भूक बदलणे. मित्रांपासून दूर राहणे. आपण नसतो तर बरे झाले असते, असे बोलणे. हे दोन-तीन आठवडे टिकले तर आधी त्याच्याजवळ बसा, ऐका, मध्ये उपदेश करू नका. मग डॉक्टरांना दाखवा. जीव देण्याची भाषा असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

माझ्याकडेही या. मी डॉक्टर नाही, पण ऐकेन, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत हवी असेल तर येईन. नोव्हेना जरूर करा. पण नोव्हेना संपेपर्यंत गोळ्या बंद ठेवू नका. मार्टिन घराने तसे केले नव्हते.

शेवटी लेओनीबद्दल. तिनेही मठजीवनाचा ध्यास घेतला होता. तीन वेळा ती मठात गेली आणि तीनही वेळा तिला परत यावे लागले. १८९९ मध्ये, तेरेजाच्या मृत्यूनंतर, ती काँ येथील व्हिझिटेशन मठात चौथ्यांदा दाखल झाली आणि १९४१ मध्ये वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिथेच वारली. शाळेने परत पाठवलेल्या, घरात कुणाला न समजलेल्या त्या मुलीच्या संतपदाची प्रक्रिया २०१५ साली सुरू झाली आहे. ज्या आईबापांच्या घरी आज एक अवघड मूल आहे, त्यांनी संत तेरेजाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावताना लेओनीचीही आठवण करावी, आणि उठून त्या मुलाच्या खोलीत जावे.

आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू